अंथरूण घातलंय

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न हमखास जेवणाचा. "खाण्यापिण्याचे हाल नाही ना झाले?" आपल्या सहलवाल्यांनी ही नस बरोबर पकडली आहे. आल्प्सच्या पायथ्याशी वरणभात, पॅरिसमध्ये श्रीखंडपुरी असं पत्रकात छापलं की निम्मी बस तिथेच भरते. झोपेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. "झोप लागायची का हो तिकडे?" असं मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. खरं म्हणजे परमुलखात चार घास कमी खाल्ले तर माणसाचं फारसं बिघडत नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला राजवाडा दाखवा, धबधबा दाखवा, त्याची नजर बसायला बाक कुठे आहे तेच शोधत फिरते.

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण मला नेहमी दुसऱ्याला ऐकवायची म्हण वाटत आली आहे. धोंड्यावर डोकं ठेवून झोपणारी माणसं जगात होऊन गेली, नाही असं नाही. चीनमध्ये तांग आणि सोंग राजवटींच्या काळात भाजलेल्या मातीच्या, वरून झिलई दिलेल्या टणक उशा वापरत. संग्रहालयात काचेआड त्या मांडलेल्या असतात. एखादीवर पानंफुलं, एखादी चक्क वाघाच्या आकाराची. बघूनच मान अवघडते. पण ज्यांच्या त्या होत्या त्यांच्या रोजच्या होत्या. रोजचा धोंडा माणूस उशाला घेतो आणि घोरतो. परक्याच्या मऊ गादीवर तोच माणूस तळमळतो.

"जागा बदलली की मला झोप येत नाही," हे आपल्याकडचं घरोघरीचं वाक्य. जपानी माणूस त्याचा दोष उशीवर ढकलतो. उशी बदलली की झोप लागत नाही, असं तिथे म्हणतात. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांच्याही हे पूर्वीच लक्षात आलं होतं. डोक्याला तारा चिकटवून माणसाला प्रयोगशाळेत झोपवलं की पहिल्या रात्रीच्या नोंदी बिघडलेल्या येत. १९६६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी या पहिल्या रात्रीवरच शोधनिबंध लिहिला, आणि पुढे त्या रात्रीच्या नोंदी बाजूला ठेवायची पद्धतच पडून गेली. आत नेमकं काय होतं ते २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच ब्राउन विद्यापीठातल्या मासाको तामाकी आणि युका सासाकी यांच्या गटाने दाखवलं. नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची डावी बाजू उजवीइतकी खोल उतरत नाही. बारीकसा वेगळा आवाज झाला तरी ती दखल घेते. त्याच माणसाला काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा झोपवलं, तेव्हा हा फरक उरला नव्हता. म्हणजे आपण झोपलेले असतो आणि आपलाच अर्धा मेंदू दाराशी बसून पहारा देत असतो. बदकांचंही तसंच. ओळीने झोपलेल्या बदकांत जी टोकाला असतात, ती बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतात. हे वाचल्यापासून टोकाच्या बदकाबद्दल मला फार आपुलकी वाटते.

आमच्या वन्सं कुठल्याच संशोधनात बसत नाहीत. माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. साठी उलटली आहे, गुडघे कुरकुरतात, पण पाठ टेकायची खोटी. विमानतळावरच्या लोखंडी खुर्च्यांवर, बसमध्ये खिडकीला डोकं लावून, बोटीवर इंजिनाशेजारी, कुठेही. आम्ही दोघी बरोबर फिरतो. रात्री मी छताकडे बघत असते तेव्हा शेजारून त्यांचं घोरणं संथ लयीत चाललेलं असतं. सकाळी त्याच मला विचारतात, "काय हो वहिनी, डोळे का असे?" त्यांचं म्हणणं सोपं आहे. झोपेला दमलेलं अंग लागतं, बाकी काही लागत नाही. त्यांच्यापुरतं ते खरंही आहे.

माझ्यापुरतं मी दुसरंच काहीतरी पक्कं करून बसले आहे. मला उभ्या पलंगावर झोप येत नाही, घातलेल्या अंथरुणावर येते. गादीचा मऊपणा, उशीची उंची, चादरीचा पोत या नंतरच्या गोष्टी.

वाईला आमच्या घरात झोपायची खोली नावाचा प्रकार नव्हता. माजघरात दिवसभर धान्य निवडणं, आमचे अभ्यास, पाहुण्यांच्या पंगती, सगळं चालायचं. भिंतीशी एका पेटीवर अंथरुणांची चळत असायची आणि तिच्यावर जुन्या लुगड्याचं झाकण. रात्री जेवणं उरकली, जमीन पुसून झाली की आई ती चळत खाली घ्यायची. आधी सतरंजी, तिच्यावर गाद्या, मग चादरी, उशा, पायथ्याशी वाकळा. भिंतीकडची जागा कुणाची यावर आमचं भांडण. झटकलेल्या चादरीचा गार वारा तोंडावर यायचा. "चला, अंथरूण घातलंय," अशी हाक आली की निम्मी झोप त्या हाकेतच यायची. सकाळी सगळं गुंडाळून पुन्हा पेटीवर. दिवसा त्या घरात झोपायला जागाच नसे. ती रोज रात्री नव्याने तयार व्हायची, आपल्या देखत, आपल्यासाठी.

हॉटेलातला पलंग दुपारपासून तयार असतो. कुणासाठी, ते त्याला माहीत नसतं. चादर गादीखाली तिन्ही बाजूंनी अशी कचकचून खोचलेली की आत शिरायचं ते पाकिटात पत्र सारावं तसं. पाय आत गेले की बोटं सरळ उभी राहूच शकत नाहीत. उशाशी उशांचा ढीग. दोन मोठ्या, दोन मध्यम, आणि पुढे एक लहानशी नुसती शोभेची. पायथ्याशी एक जाड भरजरी पट्टा आडवा टाकलेला, त्याचं प्रयोजन मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मी खोलीत पाऊल ठेवलं की चपला काढून पहिलं काम हे करते. खोचलेलं सगळं उपसते. पट्टा खुर्चीवर, शोभेची उशी त्याच्यावर. चादरी खाली काढून झटकते आणि पुन्हा घालते, सैल. उशाचं पायथ्याला करायचं असेल तर तेही आत्ताच. दहा मिनिटं जातात. लेक म्हणते, "आई, हॉटेलात कुणी स्वतः अंथरूण घालतं का?" घालावं. बाकी खोली परकीच राहते, तेवढं अंथरूण आपलं होतं.

परका पलंग आपलासा करायची ही खोड काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक अवाढव्य लाकडी पलंग आहे, 'ग्रेट बेड ऑफ वेअर' या नावाचा. रुंदी तीन मीटरहून जास्त. लंडनच्या उत्तरेला वेअर नावाचं गाव आहे, तिथल्या खाणावळींत तो १५९० च्या सुमारापासून वाटसरूंसाठी होता. इतका गाजलेला की शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्येही त्याचा उल्लेख येतो. चार जोडपी त्यावर सहज मावत, असं सांगतात. मला त्याची रुंदी बघून फारसं काही वाटलं नाही. लक्ष गेलं ते खांबांवर. रात्रीपुरते आलेले लोक जाताना चाकूने आपली आद्याक्षरं कोरून गेले आहेत, कुणी लाखेची मोहर उठवून गेलं आहे. रायगडावर 'बंड्या' लिहून येणाऱ्या आपल्या पोरांना आपण शिव्या घालतो, त्या घालाव्यातच. पण चारशे वर्षांपूर्वी एका रात्रीसाठी परक्या पलंगावर पडलेल्या आणि बहुधा शेजारच्या अनोळखी माणसाच्या घोरण्याने जागा राहिलेल्या त्या वाटसरूने चाकू का काढला असेल, हे मला कळू शकतं.

जर्मनीत लेकीकडे गेले की वेगळाच सामना असतो. तिथे जोडप्याचा पलंग एकच, पण गाद्या दोन, आणि दुलयाही दोन, ज्याची त्याला, घडी करून ठेवलेल्या. सुखी संसाराची याहून सोपी युक्ती मी पाहिलेली नाही. पांघरूण ओढण्यावरून आपल्याकडे जेवढी जोडपी रात्री धुसफुसतात तेवढी पैशांवरूनही धुसफुसत नसतील. मात्र पाहुणी म्हणून लेकीशेजारी झोपले की दोन गाद्यांमधली फट कमरेखाली येते. उशी ऐंशी सेंटिमीटर लांब, ऐंशी रुंद, पिसांची. डोकं ठेवलं की दोन्ही कानांवर उशी वर येते आणि माणूस बहिरा होतो.

खरी अडचण दुलईची. बदकांची किंवा हंसांची मऊ पिसं भरलेली ती दुलई अंगावर आहे हेच कळत नाही, आणि पाऊण तासात आत भट्टी होते. पाय बाहेर काढला तर गारठतो, आत घेतला तर घामेजतो. आम्ही वाकळीची माणसं. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून, दोरा भरून शिवलेली वाकळ अंगावर पडली की तिचं ओझं जाणवतं, आणि त्या ओझ्यानेच अंग सैल पडतं. लेकीने एकदा कपाटातून जाडजूड लोकरी ब्लँकेट काढून दुलईवर टाकलं, तेव्हा कुठे मला कोणीतरी पांघरूण घातल्यासारखं वाटलं. ब्रिटनमध्ये तर ही दुलई फार उशिरा आली. तोवर तिथे चादरी आणि ब्लँकेटं खोचत बसत. टेरेन्स कॉनरन यांनी १९६४ मध्ये लंडनला हॅबिटॅट नावाचं दुकान काढलं, आणि त्यांच्यामुळे ती इंग्रजांच्या घरात शिरली. पलंग आवरायचा त्रास वाचतो, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगत. मला नेमका तो त्रास हवा असतो.

पण जर्मन माणसाची अंथरुणावरची माया खरी आहे. सकाळी उजाडलं की घराघरांच्या खिडक्या सताड उघडतात आणि चौकटीवरून दुलया, उशा बाहेर लोंबायला लागतात. थंडी कितीही असो, अंथरुणाला हवा लागलीच पाहिजे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात फ्राऊ होले नावाच्या म्हातारीची गोष्ट आहे. तिची पिसांची गादी चांगली झटकली, पिसं उडाली, की खाली पृथ्वीवर बर्फ पडतो. हेसे प्रांतात बर्फ पडायला लागला की फ्राऊ होले अंथरूण करतेय असं म्हणायचे. वाईला पावसाळा सरला की गच्चीवर गाद्या उन्हात पडायच्या, आणि ज्या गादीत गोळे झाले असतील तिच्यासाठी पिंजाऱ्याची वाट बघायची. त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. पिंजताना कापसाचे तंतू उडून त्याच्या भुवयांवर बसत. जपानमध्ये आगगाडीतून जाताना ऊन असलेल्या दिवशी इमारतीच्या इमारती गाद्या पांघरून उभ्या दिसतात. प्रत्येक सज्ज्यावर मोठाल्या चिमट्यांनी अडकवलेल्या गाद्या. बायका त्यांना वेताच्या बडवणीने बडवत असतात. वन्संनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "घरं ओळखीची वाटतायत हो."

कोयासानला आम्ही गेलो ते वन्संच्या हट्टाने. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून गाडी निघते, तास दीड तासात डोंगरात शिरते. शेवटच्या स्टेशनावरून केबलकार अंगावर येणाऱ्या चढावरून वर नेते. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर, देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांत हे मंदिरांचं गाव आहे. कूकाई, म्हणजे कोबो दाइशी, या आचार्याला सम्राटाने ८१६ मध्ये ही जागा दिली. आज इथली पन्नासएक मंदिरं वाटसरूंना रात्री आसरा देतात. रीतसर पैसे घेऊन, अर्थात.

जेवण साडेपाचला खोलीतच आलं. लाल लाखेच्या ठेंगण्या चौरंगांवर वाट्याच वाट्या. कांदा नाही, लसूण नाही, मांसमच्छी नाही. आम्हा दोघींना चातुर्मासातल्यासारखं वाटलं. गोठवून वाळवलेला टोफू इथली खासियत, तो रस शोषून स्पंजासारखा होतो. वन्संनी माझाही खाल्ला. मग चौरंग गेले आणि दार पुन्हा सरकलं. विशीतला एक भिक्षू गुडघ्यांवर बसून आत आला, वाकला, आणि कामाला लागला.

मी भिंतीला टेकून बघत बसले. निळ्या रंगाचा सुती कामाचा पोशाख, पायात पांढरे मोजे. जेवायचं मेज त्याने अलगद उचलून कडेला ठेवलं. भिंतीतलं सरकतं दार उघडलं. आत कपाटात गाद्यांची चळत. कवेत धरून एकेक गादी त्याने बाहेर आणली, चटईवर टेकवली, आणि एका हाताने उलगडत गेला. तातामीच्या चटयांना कापडी काठ असतात, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही असा रिवाज आहे. ते मोजे त्या काठांना शिवतही नव्हते. गादीची कड त्याने काठाला समांतर आणली, डोळा बारीक करून बघितली, दोन बोटं सरकवली. चादर एकदाच झटकली. कोपऱ्यात ती आत वळवताना तळहात सपाट ठेवून गादीखालून फिरवला, सुरकुती राहिली नाही. वर ब्लँकेट, त्यावर कापसाची जाड दुलई, आणि सगळ्यात शेवटी उशी. उशी ठेवल्यावर तिच्यावर हलकी थाप. जुळ्या अंथरुणांमध्ये हातभर अंतर. पुन्हा वाकला आणि गेला. वन्सं हळूच म्हणाल्या, "आईने शिकवलंय पोराला."

आता झोपायचं होतं, आणि भिंतीवरचं घड्याळ नऊ दाखवत होतं. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे चहाची वेळ. पूर्वेकडे प्रवास केला की हे कठीण जातं. माणसाच्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरासं लांबच चालतं, त्यामुळे दिवस ताणायला ते तयार असतं, आखडायला नाखूष. जर्मनीत मी पहाटे तीनला टक्क जागी होते, पण रात्री पडल्या पडल्या झोपते. जपानमध्ये पडल्यावर शरीर विचारतं, एवढ्यात का?

त्यावरचा उपाय तिथल्या लोकांनी आधीच करून ठेवला आहे. झोपण्यापूर्वी ऊन ऊन पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचं. अंगाची कातडी, हातपाय तापतात, आणि त्या वाटेने आतली ऊब बाहेर पडायला लागते. आतून शरीर जरा निवलं की झोप येते. पाय गरम असले की झोप लवकर लागते, हे प्रयोगांनीही दाखवलंय. माझी आजी काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळायची, ते हेच असावं. आम्ही दोघी टबातून लालबुंद होऊन आलो. वन्सं आडव्या झाल्या आणि दिवा मालवायच्या आत घोरायला लागल्या.

मी फोनमधलं होकायंत्र काढलं. परक्या ठिकाणी ही माझी दुसरी सवय. उत्तरेला डोकं करून झोपायचं नाही, पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला जातात, हे सासूबाईंनी इतक्यांदा बजावलंय की आता ते पटतं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. हॉटेलात पलंग उत्तरेकडे असला की मी उशा काढून पायथ्याला नेते. इथे उशी पूर्वेला होती. योगायोग असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने विचारलं तेव्हा तो हसला. उत्तरेकडे उशी मेलेल्या माणसाची, म्हणाला. बुद्धाने देह ठेवला तेव्हा त्याचं मस्तक उत्तरेला होतं, म्हणून प्रेताला तसं निजवतात, जिवंत माणसाने तसं झोपायचं नाही. वन्सं मला म्हणाल्या, "बघा, आई काय वेगळं सांगायची?"

पण ते सकाळी. रात्री मी आडवी झाले. उशी लहान, घट्ट, आणि आत काहीतरी सळसळणारं. बकव्हीटची टरफलं भरलेली असतात त्यात. बकव्हीट म्हणजे आपल्या उत्तरेकडचा कुट्टू, उपासाला चालणारा. डोकं हललं की टरफलं सरकतात, मानेखाली बरोबर खळगा करून थांबतात. पुन्हा हललं की पुन्हा सरकतात. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली आपण मोहरीची उशी ठेवतो, डोकं गोल व्हावं म्हणून. नातवासाठी मी ती शिवली होती, तेव्हा हाताखाली दाणे असेच पळायचे. गादी कापसाची, पाठीला न दबणारी, तिच्याखाली तातामीतलं गवत, त्याचा वाळल्या कुरणाचा वास. वर दुलईचं ओझं, खरंखुरं. पलंग नाही म्हणून पडायची भीती नाही. हात पसरला तर चटई. हीटर बंद केल्यामुळे नाकाचा शेंडा तेवढा गार.

भिंतीतल्या कोनाड्यात एक लांब पट लटकत होता. मंद उजेडात चंद्रासारखं पांढरं वर्तुळ दिसत होतं, त्यात कमळावर एकच अक्षर. सिद्धम लिपीतला अ. आपल्या अचा जुना भाऊबंद. कूकाई ८०४ मध्ये चीनला गेला, तिथे भारताकडून आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि ही अक्षरं घेऊन परत आला. इथले लोक त्या अकडे बघत ध्यान करतात. दिवसा दफनभूमीतून चालताना दगडी स्तूपांवर कोरलेली अशीच अक्षरं पाहिली होती, ख, ह, र, व, अ, वरून खाली. तिथे दोन लाखांवर थडगी आहेत म्हणतात. त्यातली बहुतेक नावं मला वाचता येणार नव्हती, ही पाच अक्षरं मात्र अंदाजाने का होईना लागली. पहारा देणाऱ्या डाव्या मेंदूला तेवढीच ओळख पुरली की काय कोण जाणे. लाकूड कुठेतरी कडकन वाजलं. मी दखल घेतली, असं आठवतं. त्यानंतरचं काही आठवत नाही.

सहाची प्रार्थना होती, साडेपाचला घंटेने उठवलं. गावाच्या टोकाला ओकुनोइनमध्ये कूकाई ८३५ पासून ध्यानस्थ बसला आहे, मेलेला नाही, अशी इथली श्रद्धा. रोज दोनदा त्याचं जेवण भिक्षू वाजतगाजत नाही, पण शिस्तीत पेटीतून घेऊन जातात. "म्हणजे बाराशे वर्षं पाठ टेकली नाही?" वन्संना हे आयुष्यातलं सर्वांत मोठं तप वाटलं. तिकडे निघण्यापूर्वी मी आपली गादी गुंडाळून वळकटी केली आणि भिंतीशी लावली. तो पोरगा आला, त्याने वळकटी बघितली, काही न बोलता उलगडली, आणि तिची तीन पदरी घडी घातली. मग थांबला आणि वन्संच्या गादीकडे बोट दाखवलं. ती मी घातली, तीन पदरी. त्याने मान डोलावली.

परतीच्या गाडीत मी वन्संना एक गोष्ट सांगितली. जपानच्या जुन्या राजनोंदींत ७९९ सालची. मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक लहान होडी लागली, तिच्यात विशीतला एक तरुण. अंगावर पाठीवरून घेतलेलं कापड, डाव्या खांद्यावर भिक्षूच्या वस्त्रासारखं काहीतरी. भाषा कुणालाच कळेना. तिथल्या चिनी लोकांनी तर्क केला, दक्षिणेच्या समुद्राकडचा असावा. पुढे तो भाषा शिकला आणि म्हणाला, मी तेंजिकूचा, म्हणजे हिंदुस्थानचा. एका तारेचं वाद्य वाजवून करुण गाणी म्हणायचा. त्याच्या सामानात बिया होत्या, त्या कापसाच्या निघाल्या. त्याने एका मंदिरात राहू द्या अशी विनंती केली, जवळचं होतं नव्हतं ते विकलं, आणि शहराच्या पश्चिम वेशीबाहेर रस्त्याकडेला एक घर बांधलं. गोरगरिबांना टेकायला. दुसऱ्या वर्षी, ८०० मध्ये, सरकारने त्याच्या बिया काही प्रांतांत लावायला धाडल्या. त्यात कीई प्रांत होता, आणि कोयासान त्या कीईमध्येच येतं. तो कापूस काही टिकला नाही. जपानात कापूस नीट रुजायला आणखी कित्येक शतकं गेली, तोवर सामान्य माणूस गवताच्या पेंढ्यावरच झोपायचा.

वन्संनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"एकतारीवर रडकी गाणी म्हणायचा?"

"असं लिहिलंय."

"रात्रीची?"

"ते नाही लिहिलं."

"रात्रीचीच असणार. परक्या गावात त्याला झोप येत नसणार हो. तुमच्यातलाच तो, वहिनी." एवढं बोलून त्यांनी पर्स मांडीवर घेतली, तिच्यावर हात, हातांवर हनुवटी. हाशिमोतोला आम्हाला गाडी बदलायची होती, म्हणून मला जागं राहणं भाग होतं.